मांडवात न पोचलेला आवाज

मी हेडफोन बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच कानापर्यंत पोचवत आलो, स्वतःचं असं आज पहिल्यांदाच सांगतोय. सांगायला बसलोय ते कौतुक करून घ्यायला नाही. माझ्यामुळे एक घोटाळा झाला होता. तो मला लगेच कळला होता, पण सांगायला तोंड नव्हतं. त्यापायी एका मुलीने गाणी बनवणंच सोडायचं ठरवलं होतं.

माझ्या जन्माचं फार काही आठवत नाही. लांबच्या एका कारखान्यात, सारख्याच दिसणाऱ्या हजारो भावंडांबरोबर मी तयार झालो. काळा रंग, दोन्ही कानांना मऊ गाद्या, मधे वाकणारी पट्टी. खोक्यात बंद होऊन निघालो तो थेट उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या एका दुकानात उघडला गेलो. तिथे काचेच्या कपाटात आठ महिने काढले. दुकानाचा सिंधी शेठ प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचा, "साईं, एक नंबर पीस आहे, ले जाओ." गिऱ्हाईक मला डोक्यावर घालून आरशात बघायचं आणि परत ठेवायचं. ऐकायचं कुणीच नाही.

मुकेशने मात्र मला ऐकून घेतलं. चार नंबर कॅम्पात राहणारा, तिशीचा, दाढीला नीट आकार दिलेला मुकेश. त्याची साउंड सर्व्हिस आहे. अंबरनाथ पश्चिमेला एक गाळा, त्यात माणसाहून उंच स्पीकरचे खोके, एक टेम्पो. हळद, लग्न, वाढदिवस, मिरवणूक, सगळीकडे त्याचा डीजे लागतो.

डीजेकडे माझं काम सोपं असतं. बाहेर लोकांसाठी एक गाणं चालू असतं, तेव्हा पुढचं गाणं तो माझ्यातून एकटा ऐकून तयार ठेवतो. म्हणून मुकेश मला कायम एकाच कानावर दाबायचा. दुसरा कान पब्लिकसाठी मोकळा. त्याची एक सवय मी पहिल्याच आठवड्यात हेरली. तो लोकांच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही, पायांकडे बघायचा. पाय मंद झाले की त्याच्या कानामागची शीर उडायला लागायची. ती शीर माझ्या गादीला लागून असते, त्यामुळे माणूस घाबरला की सगळ्यात आधी मला कळतं.

"आठ सेकंद," तो म्हणायचा. "पब्लिक आठ सेकंद थांबते. नवव्या सेकंदाला खुर्ची शोधते."

चार वर्षं मी त्याच्याकडे होतो. गाद्यांची कातडी सोलवटली, उजव्या बाजूची वायर सैल झाली. मग त्याने नवा हेडफोन घेतला आणि मला त्याच्या मामेबहिणीला दिलं.

"हा घे यशो. उजवीकडचा आवाज गेला तर वायर जरा हलव, येतो परत."

यशोधरा रणपिसे. बदलापूर पश्चिमेला बेलवलीत राहते. वय चोवीस. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत गोळ्यांच्या पट्ट्या तपासायचं काम करते. पट्टीत एक जरी गोळी तुटकी असली तरी ती बाजूला काढायची. गाण्यातही तिचं तसंच. संध्याकाळी घरी आली की फ्रिज आणि कपाट यांच्या मधल्या जागेत लॅपटॉप घेऊन बसायची, मला दोन्ही कानांवर नीट बसवायची आणि एकाच ठोक्यावर तासभर घालवायची.

दोन्ही कानांवर. तुम्हाला साधी गोष्ट वाटेल, पण माझ्यासाठी तो नवा जन्मच होता. डावीकडे एक आवाज, उजवीकडे दुसरा, आणि मधे तिचं डोकं. मुकेशने चार वर्षांत मला अर्धंच वापरलं होतं.

तिचे वडील पुण्याकडे एका कंपनीत आहेत, महिन्यातून दोनदा येतात. घरी ती आणि आई, अंजना. अंजनाबाई उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवायच्या युनिटमध्ये आहेत, गेली सतरा वर्षं.

एका शनिवारी अंजनाबाई डबा विसरल्या. यशोधराला सुट्टी होती, ती डबा द्यायला युनिटवर गेली. मी तिच्या गळ्यात होतो. जिना चढून आम्ही आत गेलो आणि ती दारातच थांबली. एका लांब खोलीत चाळीस मशिनी चालू होत्या. एक सुरू होते, एक थांबते, दुसरी तिसरीला गाठते. मधूनच एखादी जाड शिवणीवर अडखळते आणि परत पळते. यशोधराने डबा खाली ठेवला आणि मोबाईल काढून रेकॉर्डिंग चालू केलं.

"काय करते गं?" अंजनाबाईंच्या शेजारच्या मशीनवरच्या संजीवनीबाईंनी विचारलं.

"मावशी, आवाज घेते."

"हा घे. फुकटचा आहे. आमच्या डोक्यात तर घरी गेल्यावरही चालूच असतो."

त्या आवाजाचा तिने ट्रॅक बनवला. दोन महिने लागले. खाली एक खोल ठोका, संथ. त्याच्यावर मशिनी. एक डाव्या कानात सुरू व्हायची, डोक्याच्या मागून धावत उजव्या कानात जायची. कात्रीची खसखस, कापड ओढल्याचा आवाज, मशीनमधली दोऱ्याची छोटी रीळ, म्हणजे बॉबिन, खाली पडल्याची टिचकी, असे अकरा बारीक आवाज तिने एकावर एक रचले. ट्रॅकचं नाव ठेवलं 'बॉबिन'. शेवटचा आवाज जागेवर बसला तेव्हा ती हसली नाही की उठली नाही. मला हाताने कानांवर आणखी दाबून धरलं आणि डोळे मिटून तीनदा ऐकलं. मला वाटलं, मी याच्यासाठीच बनलो होतो. घोटाळा नेमका तिथेच होता.

मुकेशने तो घरी येऊन माझ्यातूनच ऐकला. पहिल्यांदा दोन्ही कानांवर घेऊन.

"यशो, हे तू केलं? असं कुणाकडे नाही यार."

"मग लाव ना कुठेतरी."

तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "सोनिवलीला हळद आहे रविवारी. पब्लिक गरम झाली की मधे टाकू."

सोनिवलीच्या मांडवात संध्याकाळी सातच्या सुमाराला पब्लिक गरम झाली होती. नवरदेवाच्या मावश्या, मित्र, शेजारी, सगळे पिवळे झालेले. अंजनाबाईही आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मुकेशने यशोधराला खूण केली आणि तिने स्वतःच्या हाताने 'बॉबिन' लावला. मी तिच्या गळ्यात होतो.

पहिला ठोका आला. लोक त्यावर हलले. मग मशिनी यायच्या होत्या. मी वाट बघत होतो, मला प्रत्येक टाका पाठ होता.

मशिनी आल्याच नाहीत.

खोक्यांमधून नुसता ठोका येत होता, आणि त्याच्यामागे काहीतरी पुसट खरखर. मला क्षणात कळलं. मांडवातल्या स्पीकरांना डावं-उजवं नसतं, सगळ्यांतून एकच आवाज जातो. डाव्या कानातलं आणि उजव्या कानातलं एकत्र आलं की काही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. जे माझ्यात धावत होतं ते इथे मेलं होतं. लोकांपर्यंत तिचं गाणं पोचलंच नव्हतं, त्याचा सांगाडा पोचला होता.

तिला ते कळलं नाही. तिच्या डोक्यात तर मशिनी चालूच होत्या. दोन महिने ऐकलेलं गाणं माणसाला बाहेर वाजलं नाही तरी ऐकू येतं. ती फक्त लोकांकडे बघत होती. पाय थांबत चालले होते. एक वयस्कर काका जवळ आले आणि आपुलकीनेच म्हणाले, "काय गो पोरी, मशीन बिघारली का तुमची?"

नेहमीसारखं पायांकडेच लक्ष असलेल्या मुकेशने गाणं बदललं. चाळीस सेकंदही झाले नसतील. नेहमीचं हळदीचं गाणं लागलं आणि मांडव पुन्हा उसळला. यशोधराची शीर माझ्या पट्टीखाली इतकी उडत होती की मला ठोका मोजता येईना.

दुसऱ्या दिवशी मुकेश म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको. गाणं चांगलंय. पण ते कानाचं गाणं आहे, पायाचं नाही."

"म्हणजे नवीन काही नकोच लोकांना."

"लोकांना नाचायचंय, यशो. त्यांनी काय परीक्षा घ्यायची का तुझी?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या जागी तो बरोबर होता, तीही तिच्या जागी. चुकलो होतो मी, आणि मी खुंटीला टांगलेला.

त्यानंतरचे पाच महिने तिने लोकांना हवं ते बनवलं. इंटरनेटवर तयार ठोके मिळतात, ढोलाचे, ताशाचे, हॉर्नचे. सगळे डीजे तेच घेतात. एक ओळखीचं गाणं घ्यायचं, आवाज चढवत न्यायचा, क्षणभर थांबवायचा आणि मग सगळं एकदम कोसळवायचं. त्याला ड्रॉप म्हणतात. ड्रॉप किती सेकंदांनी यायला हवा हेही ठरलेलं. ती हुशार, तिला ते आठवड्यात जमलं. पूर्वी एका ठोक्याला तासभर लावणारी मुलगी आता रविवारच्या एका दुपारीत अख्खं गाणं पुरं करायची आणि मला काढून गादीवर टाकायची.

डिसेंबरात तिचा एक रिमिक्स चालला. चालला म्हणजे, रिक्षात वाजला, रीलमध्ये वाजला, कर्जतपासून कल्याणपर्यंत हळदीत वाजला. मुकेश पेढे घेऊन आला. "मामी, तुमची पोरगी स्टार झाली." अंजनाबाईंनी पेढा खाल्ला आणि मुलीकडे बघितलं. यशोधरा मोबाईलवर आकडे बघत होती. दर थोड्या वेळाने बघायची. आकडा वाढला की शीर उडायची आणि नाही वाढला तरी उडायची. मला फरकच कळेना.

आठवड्याभरात कुणीतरी तोच रिमिक्स उचलला, सुरुवातीला स्वतःचं नाव ओरडून टाकलं आणि फिरवला. मग आणखी कुणीतरी. कंपनीतून परतताना एकदा अंबरनाथला सिग्नलपाशी एका गाडीत तो वाजत होता. यशोधरा रस्त्यातच थांबली. ऐकत राहिली. गाडी निघून गेली तरी उभीच. घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला, आपला ट्रॅक लावला, मग त्या दोघांचे लावले, मग परत आपला.

तिला कळेना, सिग्नलवर वाजलेला तिचा होता की त्यांचा.

गोळ्यांच्या हजार पट्ट्यांमधून एक तुटकी गोळी शोधणाऱ्या मुलीला स्वतःचं गाणं ओळखता आलं नाही. माझ्या दोन्ही गाद्या तिच्या घामाने ओल्या झाल्या होत्या. तिने मला काढलं आणि लॅपटॉप मिटला.

मार्च लागला तसा भीमजयंतीच्या मिरवणुकीचा विषय निघाला. बेलवलीच्या उत्सव मंडळाचे प्रमोदभाऊ घरी आले. शाळेत क्लार्क आहेत, बोलणं मोजकं. मुकेशही होता. गेल्या वर्षी मुकेशची गाडी पुढे होती, पण मागून दुसऱ्या वस्तीची गाडी आली आणि अर्धी गर्दी त्या गाडीमागे गेली होती. ते कुणी विसरलं नव्हतं.

"या वर्षी काहीतरी खास लागेल," प्रमोदभाऊ म्हणाले. "मंडळातले पोरं दुसरा डीजे बोलवा म्हणतायत. मी अजून थांबवून धरलंय."

मुकेशने यशोधराकडे बघितलं. "करेल ती."

ते गेल्यावर यशोधरा आईला म्हणाली, "जयंतीचं झालं की बंद करणार आहे मी हे."

"का गं?"

"माझं असतं ते लोकांना आवडत नाही. आणि लोकांना आवडतं ते माझं नसतं. कशाला मग?"

अंजनाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी हात पुसले. "तुझं कोणतं म्हणतेस? युनिटवर येऊन घेतलं होतंस ते? मला कुठे नीट ऐकवलंस?"

"सोनिवलीला होतीस ना तू. वाजलं होतं."

"त्या गर्दीत काय कळतंय. लाव."

रविवारची दुपार होती. यशोधराने मला आईच्या कानांवर बसवलं, अंबाडा आड येत होता म्हणून पट्टी जरा मागे केली. 'बॉबिन' सुरू झाला. माझी काय अवस्था झाली सांगू. पाच महिने जे मला बोलता येत नव्हतं ते आता या बाईच्या कानांत जात होतं, आणि तिला ते कळेल की नाही याची मला धास्ती. ठोका आला. मग डावीकडून पहिली मशीन निघाली. अंजनाबाईंचा उजवा पाय जमिनीवर आपोआप दाबला गेला. दोन्ही हात मांडीवर सरकायला लागले, कापड पुढे ढकलावं तसे.

संपल्यावर त्यांनी मला काढलं, हातात धरून उलटसुलट बघितलं.

"यशो, हे त्या दिवशी नव्हतं."

"तेच होतं आई."

"नव्हतं. मी पहिल्या रांगेत बसले होते. नुसती धडधड होती. मशीन होती कुठे? मशीन असती तर मला ऐकू आली नसती का? सतरा वर्षं ऐकतेय."

यशोधराने आईच्या हातातून मला घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी ते विसरणार नाही. त्या बघण्यात राग होता की नाही, मला नक्की सांगता येणार नाही. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं.

"आणि एक सांगू?" अंजनाबाई पुन्हा भाजीकडे वळत म्हणाल्या. "तुझी मशीन थांबतच नाही. दोरा संपतो गं बाई. बॉबिन संपली की थांबावंच लागतं. तेवढाच आम्हाला श्वास."

त्याच दुपारी ती अंबरनाथच्या गाळ्यावर गेली. मुकेशला म्हणाली, खोके लाव. कुठल्याही स्पीकरवर नाही, मिरवणुकीला जातात त्याच खोक्यांवर. 'बॉबिन' लागला. मुकेश ऐकत राहिला आणि मग भुवया उंचावून म्हणाला, "अरे, मशीन कुठे गेली? घरी ऐकली तेव्हा तर होती."

"मांडवातही नव्हती दादा. लोकांनी नापसंत केलंच नाही, त्यांना ऐकूच आलं नाही."

"मग मी उगाच तुला..." तो वाक्य पुरं न करता खोक्यावर बसला.

पुढचे तीन आठवडे तिने मला गाळ्यातल्या खिळ्याला टांगून ठेवलं. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण खोटं कशाला सांगू. कामावरून सुटली की ती गाळ्यावर यायची, ट्रॅक खोक्यांवर लावायची आणि स्वतः शटरबाहेर जाऊन उभी राहायची. मग रस्ता ओलांडून चहाच्या टपरीपाशी. तिथून जे ऐकू येईल ते ठेवायचं, बाकीचं काढायचं. मशिनी मधोमध आणल्या. अकरा बारीक आवाजांतले आठ गेले. कात्री गेली, कापड ओढल्याचा आवाज गेला. कात्री काढताना ती मुकेशशी भांडली.

"ती कात्री म्हणजे माझा जीव आहे."

"असेल. पण टपरीवर ऐकू येत नाही. तुझा जीव टपरीपर्यंत पोचवायचाय ना?"

कात्री गेली. पण ड्रॉपच्या जागी तिने कोसळता ढोल टाकला नाही. मुकेशने तीनदा सांगितलं, एक ढोल टाक, सेफ राहील. ती नाही म्हणाली. तिथे तिने बॉबिन संपवली. चार ठोके पूर्ण शांतता. मग मशीन परत सुरू.

"चार ठोके शांत?" मुकेशचा चेहरा पडला. "मिरवणुकीत? मागे दुसरी गाडी असताना?"

"हो."

प्रमोदभाऊंनी घरी येऊन ऐकलं तेव्हा तेही खूश झाले नाहीत. "जयंतीला शिलाई मशीन कशाला?"

अंजनाबाई चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवत म्हणाल्या, "मिरवणुकीतल्या निम्म्या बायका त्याच मशीनवर बसतात प्रमोदभाऊ. आमच्या शिलाईवर पोरं शिकली आमची. ते कुणी वाजवायला नको का?"

प्रमोदभाऊंनी चहा संपेपर्यंत विचार केला. "वाजवा. पण गर्दी पांगली तर पुढच्या वर्षीचं माझ्या हातात नाही."

चौदा एप्रिलला दुपारी गाडी सजली. चारच्या सुमाराला मुकेशच्या नव्या हेडफोनची वायर खोक्याखाली चिरडली. त्याने यशोधराला हाक मारली, "जुना दे तुझा." अशा रीतीने मी पुन्हा मुकेशच्या एका कानावर चढलो, आणि त्या गाडीवर उभा राहून ती संध्याकाळ बघितली.

पाच वाजता बेलवलीच्या रस्त्यावर मिरवणूक आली. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, खांद्यांवर पोरं. सुरुवातीची गाणी सगळ्यांच्या तोंडपाठ, लोक मजेत होते. पन्नास पावलांवर मागची गाडी. मुकेशने 'बॉबिन' लावला. आणि लगेच माझ्यात दुसरं गाणं तयार ठेवलं. खात्रीचं. डिसेंबरात चाललेला तोच रिमिक्स. त्याचं बोट फेडरवर होतं, म्हणजे त्या सरकत्या बटणावर, ज्याने बाहेरचं गाणं जातं आणि माझ्यातलं बाहेर येतं.

बाहेर यशोधराची मशीन, आणि माझ्या पोटात यशोधराचाच रिमिक्स. मी कुणाच्या बाजूने असायला हवं होतं?

यशोधरा गाडीवर नव्हती. खाली, गर्दीच्या शेवटच्या रांगेत उभी होती. तिला तिथून ऐकायचं होतं.

मशिनी आल्या. या वेळी सगळ्यांना ऐकू आल्या, मी शपथेवर सांगतो. लोकांनी माना वळवल्या. पण पाय मंदावले. नवीन काही ऐकताना माणसं आधी थांबतात, मग ठरवतात. मुकेशची शीर माझ्या गादीवर हातोडीसारखी बसत होती. पुढची दहा-पंधरा पोरं मागे वळून दुसऱ्या गाडीकडे बघायला लागली. पाच-सहा जण गेलेही. प्रमोदभाऊंनी खालून मुकेशकडे बघितलं.

आठ सेकंद झाले. नऊ. वीस.

मग बॉबिन संपली. चार ठोके शांतता. मागच्या गाडीचं गाणं स्पष्ट ऐकू यायला लागलं. माझ्यातला रिमिक्स मुकेशच्या एका कानात बारीक आवाजात नाचत होता. त्याचं बोट हललं. मी ते हलताना पाहिलं.

संजीवनीबाई गाडीच्या अगदी पुढे होत्या, अंजनाबाईंच्या बाजूला. त्या शांततेत त्यांनी साडी जरा वर धरली आणि उजवा पाय रस्त्यावर दाबला, मशीनचं पायडल दाबावं तसा. नेमकी त्याच वेळी मशीन परत सुरू झाली. आजूबाजूच्या बायका हसल्या. पुढच्या वेळी बॉबिन संपली तेव्हा सात-आठ पाय वर उचललेले होते. त्याच्या पुढच्या वेळी रस्ताभर. सगळ्या एकत्र थांबायच्या, पाय उचलून, श्वास धरून, आणि एकत्र दाबायच्या. पोरांना ते कळायला वेळ लागला, पण कळल्यावर तीही त्यात शिरली.

मुकेशने मला कानावरून काढून गळ्यात टाकलं. फेडरवरचं बोट उचललं. दोन्ही कानांनी तो बाहेरचं ऐकत राहिला, आणि माझ्यातलं खात्रीचं गाणं कुणीही न ऐकता संपून गेलं.

मोठा विजय झाला असं समजू नका. गेलेल्या पोरांपैकी बरीच परत आली नाहीत, मागच्या गाडीलाही भरपूर गर्दी होती. मंडळात दोघा-तिघांनी नंतर तोंड वाकडं केलं. प्रमोदभाऊ एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी बसून बोलू." पण बायका घरी जाईपर्यंत रस्त्यात थांबून पाय दाबत होत्या. यशोधरा आईपाशी आली तेव्हा अंजनाबाई घामाने भिजल्या होत्या. "बॉबिन बरोबर संपवलीस," एवढंच बोलल्या.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी निवांत असतो. पण मे महिना लागला आणि मुकेशचा फोन यायला लागला. वांगणीच्या हळदीला पायडलवालं मागतायत. एका वाढदिवसाला पायडलवालं हवंय. इंटरनेटवर दुसऱ्या कुणीतरी शिलाई मशीनचा तयार ठोका टाकला म्हणे, कुणीही घ्यावा आणि वापरावा. काल मुकेश स्वतःच येऊन बसला होता.

"यशो, तसंच अजून एक बनव. तेच, जरा फास्ट. लोकांना तेच पाहिजे आता."

"बघते," ती म्हणाली.

आज रविवार आहे. माझा उजवा कान मिरवणुकीनंतर कायमचा गेला, वायर हलवूनही येत नाही. तरी तिने मला टाकलेलं नाही. लॅपटॉपवर कोरी फाईल उघडलीय आणि मी तिच्या डाव्या कानावर आहे. तिने मशिनीचा आवाज दोनदा आणला, दोनदा काढून टाकला. तिची शीर माझ्या गादीवर धडधडतेय. आता तिला लोक नाकारतील याची भीती नाही. त्यांना आवडलेलं परत परत द्यावं लागेल याची आहे, आणि ते दिलं नाही तर लोक निघून जातील याचीही.

मला बोलता आलं असतं तर तिला एवढंच सांगितलं असतं: पोरी, मी आता अर्धाच उरलोय, आणि पुरता होतो तेव्हाही मी तुला निम्मंच सांगत होतो. माझ्यात गाणं सुरू कर, तेवढं माझं काम. पण शेवट माझ्यात करू नकोस, आणि त्या मोबाईलमधल्या आकड्यांतही करू नकोस. मला काढ आणि दार उघडून बाहेर जा. तिथे काहीतरी वाजत असेल जे अजून कुणी घेतलेलं नाही.

खाली कुणीतरी सायकलला हवा भरतंय. तिने मला कानावरून जरा सरकवलंय. ऐकतेय ती.